घशाचा कॅन्सर, आधी केमो मग रोबोट: घरच्यांनी नक्की काय काय करायचं

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मानेतली गाठ पहिल्यांदा लक्षात आली ती आमच्या गावच्या न्हाव्याच्या. दाढी करताना म्हणाला अण्णा इथं काहीतरी टणक लागतंय, आणि अण्णांनी ते तीन महिने कोणाला सांगितलंच नाही, कारण दुखत नव्हतं ना. मग गिळताना उजव्या कानात चमक यायला लागली, कानाचे ड्रॉप घालून झाले, फरक नाही, तेव्हा आईने त्यांना माझ्याकडे पुण्याला धाडलं. (गिळताना एकाच कानात दुखतंय आणि कान तपासला तर ठणठणीत, असं असेल तर घसा बघून घ्या, कान आणि घशाच्या नसा जोडलेल्या असतात, हे मला तेव्हा कळलं.) बायोप्सी, पेट स्कॅन झालं आणि निदान आलं की उजव्या टॉन्सिलचा कॅन्सर, जिभेच्या मुळापर्यंत पसरलेला, मानेत त्याच बाजूला गाठी. डॉक्टर म्हणाले आधी तीन सायकल (म्हणजे तीन फेऱ्या) केमो आणि मग रोबोटने ऑपरेशन.

मी डॉक्टर नाही, अकाउंट्समध्ये काम करते. औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांचाच. पण ते तीन-चार महिने घरी काय करायचं, काय विचारायचं, कुठे आम्ही माती खाल्ली, ते सगळं लिहितेय कारण तेव्हा मला असं काही मराठीत मिळालं नव्हतं.

घसा म्हणजे नक्की कुठला

पहिला प्रश्न हाच विचारा. आपण सगळ्यालाच घसा म्हणतो, डॉक्टरांसाठी ती तीन-चार वेगळी गावं आहेत. टॉन्सिल, जिभेचं मूळ, पडजीभ आणि मऊ टाळू हा एक भाग, त्याच्या खाली स्वरयंत्र, त्याच्या मागे अन्ननलिकेकडे जाणारा भाग. केमो आणि मग तोंडातून रोबोट हा जो प्लॅन आहे तो मुख्यतः पहिल्या भागासाठी, टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये पण आधी केमो देतात कधी कधी, पण तिथे हेतूच उलटा असतो, केमोने गाठ चांगली आकसली तर पुढे रेडिएशन देऊन स्वरयंत्र वाचवायचं आणि ऑपरेशन टाळायचं. १९९१ साली अमेरिकेत त्याची मोठी चाचणी झाली आणि साधारण दोन तृतीयांश लोकांचं स्वरयंत्र वाचलं होतं. हे सांगायचं कारण एवढंच की आमच्या एका नातेवाईकांनी फोन करून आईला सांगितलं की आमच्या साडूंना केमो दिली आणि ऑपरेशन लागलंच नाही, तुम्ही का करताय? साडूंचा कॅन्सर स्वरयंत्राचा होता. आई दोन रात्री झोपली नाही.

स्टेज चार वाचून हातपाय गाळू नका

आमच्या पहिल्या फाईलवर चौथी स्टेज लिहिलेली आणि दुसऱ्या हॉस्पिटलच्या कागदावर दुसरी. आम्हाला वाटलं कोणीतरी चुकलंय. कोणीच चुकलं नव्हतं. मधल्या काळात बायोप्सीच्या तुकड्यावर पी-१६ नावाची टेस्ट झाली होती, ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे हा एचपीव्ही व्हायरसमुळे होणाऱ्या प्रकारातला. २०१७ पासून या प्रकाराची स्टेज मोजायची पट्टीच वेगळी केलीय कारण हे पेशंट उपचारांना जास्त चांगला प्रतिसाद देतात. तीच गाठ, त्याच मानेतल्या गाठी, पी-१६ निगेटिव्ह असतं तर चौथीची ए आणि पॉझिटिव्ह म्हणून दुसरी. आणि चौथीची ए असली तरी घशाच्या कॅन्सरमध्ये त्याचा अर्थ सगळं संपलं असा होत नाही, त्याचा अर्थ आजार तिथल्या तिथे वाढलाय पण लांब फुफ्फुसात वगैरे गेलेला नाही, आणि बरं करायच्या हेतूनेच उपचार करतात. तर पी-१६ झाली नसेल तर विचारा, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या गाठीवर ती करायलाच हवी.

आपल्याकडे तंबाखू, मिश्री, विडी आणि गुटखा हेच मुख्य कारण, पाश्चात्त्य देशांच्या मानाने एचपीव्हीवाले कमी. अण्णांचं दोन्ही, तीस वर्षं तंबाखू-चुना पण आणि पी-१६ पण पॉझिटिव्ह. तंबाखू असेल तर पी-१६ चा फायदा थोडा कमी होतो हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं. आणि एक, एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, त्यामुळे त्याचं नाव काढलं की घरात कुजबुज सुरू होते हा कुठून आला, कोणाकडून आला. हा इतका कॉमन व्हायरस आहे की बहुतेक लोकांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, आणि कॅन्सर दिसतो तो वीस-तीस वर्षांनी. नवरा-बायकोने एकमेकांची चौकशी करण्यात काही अर्थ नाही. आईला हे मी स्वयंपाकघरात नेऊन समजावलं.

आधी केमो का, आणि सगळ्यांना का नाही

पूर्वी जिभेच्या मुळाशी पोचायचं तर ओठ आणि जबडा मधोमध कापून उघडायला लागायचं. रोबोट तोंडातूनच आत जातो. अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या सर्जननी हे तंत्र बसवलं आणि डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधं आणि यंत्रांना परवानगी देणारी सरकारी संस्था) त्याला मान्यता दिली, पण ती छोट्या गाठींसाठी, पहिल्या दोन आकारांच्या, म्हणजे चार सेंटीमीटरपर्यंतच्या. अण्णांची गाठ साडेचार सेंटीमीटर. म्हणजे केमोने आधी आकसवायची, मग रोबोटच्या आवाक्यात आणायची, आणि शक्य झालं तर पुढचं रेडिएशन कमी करायचं, असा विचार.

पण हे सांगितलंच पाहिजे की हा आजही सगळीकडचा ठरलेला मार्ग नाही. वाढलेल्या गाठीसाठी रूढ उपचार म्हणजे रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, किंवा ऑपरेशन आणि मग रेडिएशन. रेडिएशनच्या आधी जादा केमो दिली तर लोक जास्त जगतात का हे बघणाऱ्या पॅराडाइम आणि डिसाइड या दोन चाचण्या २०१३-१४ मध्ये आल्या, त्यात पेशंट ठरवलेल्यापेक्षा कमी मिळाले पण जगण्याचा फायदा काही दिसला नाही. केमो आणि मग रोबोट याचे चांगले रिझल्ट आलेत ते मुख्यतः एचपीव्हीवाल्या निवडक पेशंटमध्ये. त्यामुळे एकाच डॉक्टरच्या केबिनमध्ये हे ठरवू नका. ट्युमर बोर्ड म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात, तसं झालंय का विचारा. आणि मी विचारलेला सगळ्यात उपयोगी प्रश्न हा होता: डॉक्टर, तुमच्याकडे रोबोट नसता तर तुम्ही अण्णांना काय सुचवलं असतं? याचं उत्तर जो डॉक्टर शांतपणे देतो त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. एका ठिकाणी (नाव नाही लिहीत) या प्रश्नावर मला रोबोटचं माहितीपत्रक हातात दिलं गेलं, आम्ही तिथून उठलो.

गाठ मानेतल्या मुख्य धमनीला चिकटलेली असेल, जबड्याच्या हाडात गेली असेल किंवा तोंडच उघडत नसेल तर रोबोट चालत नाही. इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) पण सगळे विचारतात म्हणून, जून २०२५ मध्ये एफडीएने त्यातल्या पेम्ब्रोलिझुमॅबला ऑपरेशनच्या आधी द्यायला परवानगी दिलीय, ऑपरेशन होण्यासारख्या वाढलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये, गाठीच्या तुकड्यावर करायची पीडी-एल-१ ची टेस्ट पॉझिटिव्ह असेल तर. ते महाग आहे आणि तो वेगळा रस्ता आहे, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

केमोच्या आधीचे आठ-दहा दिवस

माझ्या मते अख्ख्या ट्रीटमेंटमध्ये हेच दिवस लोक वाया घालवतात, नुसते रिपोर्ट गोळा करत.

दात: पुढे रेडिएशन लागणार असेल (बहुतेकदा लागतंच) तर हलणारे किडलेले दात आत्ताच काढून घ्या, कारण रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही, सडू शकतं. दात काढल्यावर जखम भरायला दोन आठवडे तरी हवेत. अण्णांचे चार काढले. डेंटिस्टला फाईल दाखवा, कॅन्सरची ट्रीटमेंट आहे हे सांगा.

तोंड किती उघडतं: हे आमच्या बाबतीत सगळ्यात मोठं प्रकरण. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. अण्णांची जेमतेम दोन. वर्षानुवर्षं सुपारी-तंबाखू खाणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी चामड्यासारखी कडक होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं, त्यांना स्वतःला कळत पण नाही, वडापाव दाबून खातात आणि म्हणतात दात नीट नाहीत. रोबोटचे हात, कॅमेरा आणि तोंड उघडं ठेवायचा लोखंडी सांगाडा हे सगळं त्याच भोकातून जाणार, त्यामुळे सर्जननी स्पष्ट सांगितलं की नऊ आठवड्यांत हे वाढवा नाहीतर मी रोबोट लावू शकणार नाही. उपाय एकदम साधा, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. फिजिओने शिकवलं. काड्या एकावर एक रचून दाढांच्या मधे धरायच्या, जितक्या बसतात तितक्या, अर्धा मिनिट थांबायचं, मग अजून एक काडी मधे हळूच सरकवायची, दिवसातून पाच-सहा वेळा. पहिल्या दिवशी अण्णांच्या अकरा काड्या बसल्या, एक काडी दोन मिलिमीटर धरली तर बावीस. मी कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहायचे, अकरा, अकरा, बारा, अकरा, आणि अण्णा जे आयुष्यभर कोणाचं ऐकले नाहीत ते रोज सकाळी चहाच्या आधी काड्या घेऊन बसायचे कारण शेजारच्या जाधव काकूंच्या नातवाने पैज लावली होती. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात सतरा. गाठीमुळे किंवा दुखण्यामुळे तोंड उघडत नसेल तर जबरदस्ती करू नका, आधी विचारा.

कान आणि किडनी: सिस्प्लॅटिन दोन्हीला त्रास देतं. क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) तर करतातच, पण कानाची ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ती तपासणी) सांगितली नाही तर स्वतः विचारा. आधीच कमी ऐकू येत असेल तर औषध बदलता येतं, नंतर गेलेलं ऐकू परत येत नाही.

गाठीचा नकाशा: केमोच्या आधी एमआरआय आणि दुर्बिणीतून काढलेले फोटो नीट फाईलला लागलेत का बघा, काही सर्जन गाठीच्या कडेला शाईचे ठिपके पण गोंदून ठेवतात. का ते पुढे सांगते.

तंबाखू त्या दिवशीच बंद, यात उद्यापासून वगैरे नाही. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा.

केमोचे दिवस

अण्णांना दोन औषधं होती, डोसिटॅक्सेल आणि सिस्प्लॅटिन, दर एकवीस दिवसांनी, तीन वेळा. काही जणांना याच्यात तिसरं फाइव्ह-एफयू असतं, ते चार-पाच दिवस पंपातून हळूहळू जातं, त्याने तोंड जास्त येतं आणि जुलाब होतात, आणि त्या दरम्यान छातीत दुखलं तर लगेच सांगायचं, अॅसिडिटी म्हणून बसायचं नाही.

सिस्प्लॅटिनच्या दिवशी सलाईन तासन् तास चालतं, लघवी किती झाली ते नर्स विचारते, तर मापाचं भांडं आणि वही ठेवा. घरी आल्यावर पण अडीच-तीन लिटर पाणी (हार्टचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच). या काळात दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, ब्रुफेन घेऊ नका, किडनीवर डबल मार. आमच्या गावच्या एका दवाखान्यात अण्णांना पाठ दुखते म्हणून तेच इंजेक्शन द्यायला निघाले होते, आई म्हणाली थांबा, लेकीला फोन लावते. काढे, गोमूत्र, कुठल्याशा बाबाची पुडी हे पण याच कारणासाठी नको, केमो चालू असताना लिव्हर-किडनीवर काय होईल सांगता येत नाही.

उलटीच्या गोळ्या उलटी होण्याआधी घ्यायच्या असतात हे आईला पटवायला एक सायकल गेली. तीन दिवसांचं कॅप्सूलचं पाकीट असतं, पहिलं १२५ आणि मग ८०-८०, ते चुकवू नका. रात्रीची एक ओलॅन्झापिन असते, ती घ्यायला गेले तर मेडिकलवाला सगळ्यांसमोर म्हणाला ही तर वेडाची गोळी आहे. बरोबर आहे त्याचं, मूळ ती मानसिक आजारासाठीची, पण कमी डोसमध्ये केमोची मळमळ फार छान थांबवते. अण्णांना सांगितलंच नाही. आणि केमोसोबत स्टिरॉइड पण देतात, त्यामुळे दोन गोष्टी होतात ज्या कोणी आधी सांगत नाही: साखर वाढते (अण्णांची ३१० झाली होती, डायबेटीस असेल तर ते तीन-चार दिवस रोज तपासा) आणि उचक्या. पहिल्या सायकलला दीड दिवस उचक्या, सगळे म्हणतायत कोण आठवण काढतंय. त्याला पण गोळी असते, फोन करून विचारा, सहन करत बसू नका.

आता ताप. हे दोनदा वाचा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. ताप १००.४ च्या वर गेला की तो साधा ताप नाही. पहिल्या सायकलच्या नवव्या रात्री अण्णांना १०१ आला, मी क्रोसिन दिली, उतरला, मी निवांत झोपले. पहाटे पाचला हुडहुडी, बीपी खाली. दवाखान्यात काउंट केला तर लढणाऱ्या पेशी फक्त ४००. पाच दिवस अॅडमिट, अँटिबायोटिक्स. नर्स मला रागावली नाही, फक्त म्हणाली ताई क्रोसिनने ताप लपतो, इन्फेक्शन नाही. तर थर्मामीटर घरात, ताप आला की गोळी नाही, गाडी. इमर्जन्सीत पोचल्यावर पहिलं वाक्य: केमो चालू आहे आणि ताप आहे. रांगेत बसू नका. गावी असाल तर कुठल्या हॉस्पिटलला रात्री जायचं हे केमोच्या आधीच ठरवून ठेवा. पुढच्या दोन्ही सायकलला दुसऱ्या दिवशी पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं, ते फ्रिजमध्ये ठेवतात, फ्रीझरमध्ये नाही, आणि त्याने हाडं ठणकतात पण तो चांगला त्रास आहे. काउंट कमी म्हणून सायकल आठवडाभर पुढे गेली तर घाबरायचं कारण नाही.

खाणं आणि गिळणं

वजन हीच खरी परीक्षा. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ७० ते ९० ग्रॅम प्रोटीन लागतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ६-७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, म्हणजे नुसत्या पेज आणि नारळपाण्यावर कॅन्सरचा माणूस ठेवला तर काय होईल बघा. लोक भेटायला येतात शहाळं घेऊन, मी सगळ्यांना सांगितलं अंडी आणा. आमच्याकडे काय चाललं: गुरगुट्या भात आणि घट्ट मूगडाळ वर तूप, नाचणीची आंबील दुधातली, अंडं फेटून घातलेला शिरा (ऐकायला विचित्र पण कळत नाही), पनीर कुस्करून. तोंडाला धातूची चव येते म्हणायचे तर स्टीलचा चमचा काढून लाकडी दिला. तोंड आलं असेल तर लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा, त्याने दिवसातून पाच-सहा वेळा चुळा, बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो म्हणून गोड बंद करायला लावणारे भरपूर भेटतील, डायबेटीससाठी जे पथ्य आहे तेवढंच पाळा.

गिळायचे व्यायाम ऑपरेशननंतर नाही, आत्ता सुरू करायचे. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं शिकवतात असं मला वाटायचं, गिळणं पण त्यांचंच खातं. जोर लावून गिळणं, जीभ दातात धरून गिळणं, उताणं झोपून फक्त मान उचलून पायाची बोटं बघणं असले प्रकार. अण्णांना शेवटचा फार आवडायचा कारण तो करताना टीव्ही दिसायचा.

गाठ गेली, आता ऑपरेशन कशाला?

हा प्रसंग तुमच्या घरी येणार म्हणजे येणार. दुसऱ्या सायकलनंतर मानेतली गाठ हाताला लागेना. कानातली चमक गेली. अण्णा दोन घास जास्त खायला लागले आणि एका संध्याकाळी म्हणाले, संपलं की, आता कापाकापी कशाला, मी गावी जातो, ऊस तुटायला आलाय. आणि खरं सांगते मला पण क्षणभर वाटलं की बरोबर बोलतायत.

सर्जननी टेबलावर साखरेचा खडा ठेवल्यासारखं समजावलं. गाठ खड्यासारखी बाहेरून सगळीकडून सारखी विरघळत नाही, ती पावसाने भिजलेल्या ढेकळासारखी मधेमधे विरते, आणि जिथे काही दिसत नाही तिथे पण जिवंत पेशींची बेटं राहतात. म्हणून तो केमोआधीचा नकाशा, ते फोटो, ते ठिपके, कारण ऑपरेशनच्या वेळी डोळ्याला निरोगी दिसणारी जागा पण तपासायला लागते. नुसत्या केमोने हा कॅन्सर बरा होत नाही. इथे थांबलात तर काही महिन्यांत परत येतो आणि तेव्हा तो केमोला दाद देईलच असं नाही. उलट बाजू पण आहे, दोन सायकलनंतरच्या स्कॅनमध्ये गाठ आकसली नसेल किंवा वाढली असेल तर तिसरी केमो रेटत बसू नका, ट्युमर बोर्डाकडे परत जा, प्लॅन बदलायचा असतो. ऊस भावाने तोडून घेतला.

पैसे, हे ऑपरेशनच्या आधीच

रोबोटचा खर्च साध्या ऑपरेशनपेक्षा लाखांनी जास्त असतो. मेडिक्लेम असेल तर आयआरडीएच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी संस्था) नियमांप्रमाणे रोबोटिक सर्जरी कंपनीला सरसकट नाकारता येत नाही, पण त्यावर मर्यादा घालता येते, आणि ती मर्यादा पॉलिसीच्या बारीक अक्षरात असते. मी अकाउंट्सवाली असून डिस्चार्जच्या आधी वाचली. तुम्ही आधी वाचा, प्री-ऑथ (म्हणजे कंपनीची आगाऊ मंजुरी) घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, केमो-रेडिएशन त्यात होतं, रोबोटचा जादा खर्च बसतो का हे त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (योजनेची मदत करायला तिथे बसलेला माणूस) विचारा. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, तहसीलमध्ये वेळ जातो. टाटाला जाणार असाल तर राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही नावं माहीत असू द्या, आणि रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधूनच मिळतो.

रोबोट नाही म्हणून ट्रीटमेंट हलकी असं मात्र अजिबात समजू नका. वेळेवर मिळालेलं रेडिएशन-केमो हा पूर्ण दर्जाचा उपचार आहे, रोबोटसाठी जमीन विकायला निघालेल्यांनी आधी हे ट्युमर बोर्डाला विचारावं.

ऑपरेशन आणि नंतरचे दोन आठवडे

शेवटच्या केमोनंतर तीन-चार आठवडे थांबतात, काउंट वर येऊ देतात. अण्णांना वाटलं होतं रोबोट म्हणजे माणसासारखं यंत्र येऊन कापणार. तसलं काही नाही, सर्जनच तिथे चार पावलांवर यंत्रात डोकं घालून बसतात, त्यांच्या बोटांप्रमाणे तोंडातले बारीक हात हलतात, आणि त्यांना आतलं मोठं आणि खोली दिसेल असं दिसतं. मानेतल्या गाठी काढायला मानेवर वेगळा चिरा असतोच, रोबोट म्हणजे टाकाच नाही असं समजू नका. काही जणांना थोडे दिवस गळ्याला श्वासाचं भोक करायला लागतं, सही करण्याआधी विचारा.

अण्णा बाहेर आले तेव्हा जेवण द्यायला नाकात नळी आणि मानेला दोन ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या). नळीतून देताना डोकं वर हवं, दिल्यावर अर्धा-एक तास बसवूनच ठेवायचं आणि प्रत्येक वेळी पन्नास मिली पाण्याने नळी धुवायची, आईने एकदा आंबील न गाळता घातली आणि नळी चोंदली. खांदा वर उचलायला त्रास होतो कारण मानेतली नस हलवलेली असते, फिजिओ लवकर सुरू करा.

सगळ्यात जपायचं ते रक्त. तोंडातल्या जखमेला टाके नसतात, ती आपोआप भरते, आणि खपली निघताना, साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसात, रक्त येऊ शकतं. थुंकीत थोडंसं आलं तरी लगेच हॉस्पिटल, कारण थोड्यानंतर एकदम येऊ शकतं. बसवून पुढे वाकवायचं, आडवं करायचं नाही, गिळू द्यायचं नाही, १०८ लावायचा. म्हणून डिस्चार्ज मिळाला तरी दोन आठवडे गावी जाऊ नका, हॉस्पिटलपासून अर्ध्या तासात राहा. अण्णांना अकराव्या दिवशी रुमालावर गुलाबी डाग दिसला, आम्ही रात्री साडेअकराला गेलो, काही निघालं नाही, एक रात्र ठेवून घरी पाठवलं. वाया गेली रात्र म्हणून कोणीही कुरकुर केली नाही.

रिपोर्ट आल्यावर

दोन गोष्टी बघायच्या: कडा मोकळ्या आहेत का (काढलेल्या तुकड्याच्या काठाला कॅन्सर नाही ना), आणि मानेतल्या गाठींच्या बाहेर कॅन्सर फुटलाय का. यावर रेडिएशन ठरतं. अण्णांच्या कडा मोकळ्या होत्या पण एका गाठीतून बाहेर फुटलेलं होतं, म्हणजे सोमवार ते शुक्रवार रेडिएशन आणि सोबत दर आठवड्याला एकदा केमो, सहा आठवडे. अण्णा चिडले, म्हणाले मग रोबोट कशाला केला. हे आधीच सांगून ठेवा, रोबोट झाला म्हणजे रेडिएशन टळलं असं कोणी लिहून देत नाही. लागणार असेल तर ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, त्यामुळे जखम भरतेय तोवर मास्क (रेडिएशन घेताना डोकं हलू नये म्हणून लावतात तो) बनवणं, प्लॅनिंग स्कॅन हे उरकून घ्या, सणवार बघू नका. आमचं गणपतीत सुरू झालं. काड्या आणि गिळायचे व्यायाम रेडिएशनभर पण चालूच ठेवायचे, कारण रेडिएशनने तोंड परत आवळतं. अण्णा सतरावरून तेरावर आले होते, आत्ता पंधरा.

पहिलं वर्ष दर महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी. आणि एक टेस्ट जी फाईलमध्ये हमखास राहून जाते, टीएसएच. मानेला रेडिएशन झालं की थायरॉइड हळूहळू मंदावू शकतो, माणूस सुस्त होतो, थंडी वाजते, आणि घरचे म्हणतात आजारपणाने खचलाय. दर सहा ते बारा महिन्यांनी करून घ्या, अण्णांची दहाव्या महिन्यात वाढलेली निघाली, आता सकाळी उपाशीपोटी एक गोळी आणि त्यानंतर अर्ध्या तासाने चहा.